क्लेरिक गेली, तिच्या जागी पुन्हा क्लेरिकच हवी का?

नागपूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा कॉलेजपासूनचा गट दर पंधरा दिवसांनी शनिवारी रात्री नऊ वाजता डिस्कॉर्ड या कॉल-ॲपवर जमतो आणि रोलट्वेंटी या ऑनलाइन टेबलावर नकाशा मांडून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे रंगवत, फासे टाकत कथा पुढे नेण्याचा खेळ खेळतो. दोघे पुण्यात, एक डब्लिनला, एक न्यू जर्सीत, त्या स्वतः नागपुरात आणि डीएम, म्हणजे कथा चालवणारा सूत्रधार, नाशिकला, अशी त्यांची विभागणी आहे. नियम २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. खेळ नवा असलेल्यांसाठी थोडक्यात: पात्राचे तपशील ज्या कागदावर असतात ती शीट, सगळ्या पात्रांची मिळून टोळी ती पार्टी, आणि अनुभवाबरोबर पात्राची लेव्हल वाढते. क्लेरिक (देवाच्या शक्तीने उपचार करणारी), फायटर (योद्धा), रोग (इंग्रजी ‘rogue’, चोरपावलांचा गडी), रेंजर (रानवाटांचा शिकारी), विझार्ड (मांत्रिक) आणि वॉरलॉक (गूढ शक्तीशी करार करून जादू मिळवणारी) हे पात्रांचे प्रकार आहेत. डेथ सेव्ह म्हणजे कोसळलेले पात्र जगते की मरते हे ठरवणारा फासा. पत्राचा गोषवारा त्यांच्याच शब्दांत असा:

“माझी सहाव्या लेव्हलची क्लेरिक गेल्या सेशनमध्ये मेली. आमच्या रोगकडे औषधाची बाटली होती, पण तो खजिन्याची पिशवी घेऊन दाराबाहेर पळाला. माझा पहिला डेथ सेव्ह हुकला आणि दुसऱ्या फाशावर एक पडला. मृतदेह तळघरातच राहिला. आता फायटर, रोग, रेंजर आणि विझार्ड उरले आहेत. मला वॉरलॉक खेळायची आहे, पण बाकीचे म्हणतात की उपचार करणारे कोणी नसेल तर सगळेच मरू, म्हणून तिची जुळी बहीण आण, किंवा देवळाचे कर्ज काढून तिलाच उठवू. डीएम म्हणतो की मृत्यूला किंमत असली पाहिजे, म्हणून नवे पात्र तिसऱ्या लेव्हलपासून सुरू कर. रोग खेळणारा मित्र अजून त्यावर विनोद करतो. माझी क्लेरिक वऱ्हाडी बोलायची. नव्या पात्रानेही तसेच बोलावे, अशी सगळ्यांची फर्माईश आहे. त्या रात्री कॉल बंद केल्यावर मी रडले. हे हास्यास्पद आहे का?”

– रिकाम्या शीटसमोर बसलेली

सप्रेम नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते. हास्यास्पद मुळीच नाही. जिच्या तोंडून तुम्ही दीड-दोन वर्षे बोललात, जिच्या वतीने निर्णय घेतलेत, ती एका फाशाने गेली, तर वाईट वाटणारच. वाईट वाटले नसते तर ती क्लेरिक तुम्ही फारशी मनापासून खेळत नव्हता, असा अर्थ निघाला असता. हे वाईट वाटणे ओसरू द्या, मात्र ओसरेपर्यंत नव्या पात्राचा विचार थांबवू नका. कारण पंधरा दिवसांतून एकदा भेटणाऱ्या गटात एक सेशन हुकले की महिना जातो, आणि महिनाभर नुसते ऐकत बसलेला खेळाडू हळूहळू ‘आज जमणार नाही’ असा निरोप पाठवू लागतो.

तुमच्या मित्रांची मागणी वाचताना मला आपली व्यावसायिक रंगभूमी आठवली. एखादा नट नाटक सोडतो तेव्हा तिथे रिप्लेसमेंट शोधतात, कारण संहितेतली भूमिका कायम असते आणि ती करणारा माणूस तेवढा बदलतो. तुमच्या खेळात हे बरोबर उलटे आहे: माणूस, म्हणजे तुम्ही, कायम आहात आणि भूमिका संपली आहे. तुमचे मित्र मात्र भूमिकेसाठी रिप्लेसमेंट मागत आहेत. पार्टीत उपचार करणाऱ्याची जागा रिकामी झाली, ही त्यांची अडचण खरी आहे. पण ती पाच जणांची सामाईक अडचण आहे आणि तिचे उत्तर एकट्या तुमच्या शीटवर लिहिलेले असले पाहिजे, असे कोणत्याही नियमात नाही.

ही अडचण वाटते तेवढी मोठी आहे का, तेही पाहू. पाचव्या आवृत्तीत एक हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या जीवाचा एक गुण, परत मिळाला तरी पडलेला माणूस शुद्धीवर येतो, त्यामुळे उपचार थोडा असला तरी वेळेवर मिळणे अधिक मोलाचे ठरते. साध्या औषधाच्या बाटलीची किंमत ५० सुवर्णमुद्रा असते आणि ती चार बाजूंचे दोन फासे अधिक दोन, म्हणजे सरासरी सात हिट पॉइंट परत देते. प्रत्येकाच्या कमरेला अशा दोन बाटल्या असाव्यात, हा नियम गटाने आजच करावा. हीलर्स किट पाच सुवर्णमुद्रांना मिळते, दहा वेळा वापरता येते आणि मरणासन्न माणसाला फासा न टाकता स्थिर करते; तुमच्या क्लेरिकच्या पहिल्या चुकलेल्या सेव्हनंतर कोणी ते वापरले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. तुमच्या रेंजरला ‘क्युअर वून्ड्स’ हा जखमा भरणारा मंत्र शिकता येतो. आज त्याच्याकडे तो मंत्र नसेल तर पुढची लेव्हल मिळताना आधीचा एखादा मंत्र सोडून तो घेता येईल. शिवाय तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये, म्हणजे छोट्या विश्रांतीत, सहाव्या लेव्हलच्या प्रत्येक पात्राला स्वतःचे सहा हिट डाइस (हिट पॉइंट परत मिळवून देणारे फासे) वापरता येतात, आणि क्लेरिक हाताशी असलेले गट ते बहुधा वापरतच नाहीत, कारण त्यांना तशी सवयच लागत नाही. ती सवय आता लागेल.

वॉरलॉकचा एक सेलेस्टियल नावाचा प्रकार २०१७ च्या पुरवणी पुस्तकात आला आहे आणि त्याला लांबूनही उपचार करता येतो. तुम्हाला तो मनापासून आवडत असेल तर जरूर घ्या. पण मित्रांच्या समाधानासाठी घेणार असाल तर त्यांना तो प्रकार असतो हेसुद्धा सांगू नका. नाहीतर आठ सेशनांनंतर तुम्ही ‘आमची हीलर’ म्हणून पुन्हा मागच्या रांगेत उभ्या असाल आणि वॉरलॉक खेळण्याची तुमची इच्छा तशीच राहून गेलेली असेल.

जुळ्या बहिणीच्या सूचनेला माझा सरळ विरोध आहे. नाव बदलून तीच शीट परत आणली की पहिल्या दोन तासांत सोय वाटते, आणि त्यानंतर टेबलावरच्या कोणालाच ती मेली असे वाटेनासे होते. तिचा मृत्यू ही तुमच्या मोहिमेत घडलेली एक मोठी घटना आहे. तिचे परिणाम पुढे दिसायला हवेत, आणि जुळी बहीण ते पहिल्याच संध्याकाळी पुसून टाकते. तुम्हालाही त्यात सुख नाही, कारण प्रत्येक वाक्य ‘ती असती तर असेच बोलली असती’ या मापाने मोजले जाईल.

तिला जिवंत करण्याचा प्रस्ताव वेगळा आहे, तो प्रामाणिकपणे तपासायला हवा. ‘रिव्हिव्हिफाय’ या मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्राचा प्रश्नच उरलेला नाही, तो मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत करावा लागतो, त्याला ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे लागतात, आणि मुख्य म्हणजे तुमच्या पार्टीत तो करू शकणारी एकटी तीच होती. ‘रेझ डेड’ या दुसऱ्या मंत्राला दहा दिवसांची मुदत आहे, ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो, देवळातली निदान नवव्या लेव्हलची क्लेरिक शोधावी लागते आणि मृतदेहाला स्पर्श करावा लागतो, म्हणजे पुन्हा त्याच तळघरात उतरणे आले. परतलेल्या पात्राला हल्ला, सेव्ह (संकटातून बचावाचा फासा) आणि चाचण्यांवर उणे चार सोसावे लागते. दर लाँग रेस्टला, म्हणजे मोठ्या विश्रांतीला, ते एकाने कमी होते. एकंदरीत, सहाव्या लेव्हलच्या पार्टीला हे महाग असले तरी अशक्य नाही. परंतु याच नियमात एक अट आहे, जी तुमच्या मित्रांनी वाचलेली दिसत नाही: आत्म्याची परत यायची इच्छा असेल तरच मंत्र लागू पडतो. आत्म्याची इच्छा ठरवणारी व्यक्ती तुम्ही आहात. पार्टीने कर्ज काढले, हिरा आणला, पुजारी शोधला, तरी तुम्ही ‘ती येत नाही’ म्हणू शकता, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. फक्त हे उत्तर त्यांनी दोन सेशन हिरा शोधण्यात घालवण्यापूर्वी द्या. तुमच्या पत्रात वॉरलॉकबद्दल जितक्या उत्साहाने लिहिले आहे, त्यावरून हे उत्तर तुम्ही मनात आधीच दिले आहे असे मला वाटते.

आता डीएमच्या तिसऱ्या लेव्हलबद्दल. ही कल्पना त्याने हवेतून काढलेली नाही. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा छापला गेला तेव्हा मेलेल्या पात्राच्या जागी पहिल्या लेव्हलचे नवे पात्र आणणे सर्रास चाले. त्या काळी सहा बाजूंचे तीन फासे सहा वेळा टाकले की पात्राची मूळ गुणवत्ता ठरे, सोबतीला भाडोत्री माणसे असत, आणि पुढच्या प्रत्येक लेव्हलसाठी लागणारा अनुभव जवळपास दुप्पट होत जाई, त्यामुळे मागून आलेला लवकर गाठत असे. आजच्या आकड्यांतही थोडेफार तसे आहे. सहाव्या लेव्हलला १४,००० आणि सातव्या लेव्हलला २३,००० अनुभवगुण लागतात. तुमचे मित्र मधले ९,००० मिळवतील तेवढ्यात, समान वाटा मिळाल्यास, तिसऱ्या लेव्हलच्या ९०० वरून तुम्ही ९,९०० वर, म्हणजे पाचव्या लेव्हलवर पोहोचलेल्या असाल. मात्र तुमचा डीएम अनुभवगुण न मोजता कथेतला टप्पा पूर्ण झाला की सगळ्यांना एकेक लेव्हल देत असेल, तर हा हिशेबच रद्द होतो आणि तुम्ही मोहीम संपेपर्यंत तीन पायऱ्या खालीच राहता. हा प्रश्न त्याला आधी विचारा.

गाठता येते असे धरले, तरी मधला काळ जगायचा कसा? पाचवी लेव्हल हा या आवृत्तीतला मोठा उंबरठा आहे. तिथे फायटरला एका खेळीत दुसरा हल्ला मिळतो, विझार्डला ‘फायरबॉल’ हा आगीचा मंत्र मिळतो, वॉरलॉकच्या ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ मंत्राचे एका किरणाचे दोन किरण होतात आणि सगळ्यांचा प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे कौशल्यासाठी फाशात मिळणारी भर, दोनवरून तीनवर जातो. डीएम शत्रूही त्याच मापाचे आणतो. तुमच्या वॉरलॉकचा कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) १४ धरला, तर तिसऱ्या लेव्हलला तिचे हिट पॉइंट २४ होतात आणि सहाव्या लेव्हलला ४५. शत्रूच्या एका फायरबॉलची, म्हणजे सहा बाजूंच्या आठ फाशांची, सरासरी २८ येते. सेव्ह हुकला की तिसऱ्या लेव्हलची वॉरलॉक पहिल्याच फेरीत जमिनीवर, आणि तुम्ही पुन्हा माइक बंद करून डेथ सेव्ह टाकत बसलेल्या. ज्या पार्टीला आधीच उपचारांची चिंता आहे, तिने उपचारांची गरज दुप्पट असलेले पात्र का घ्यावे? हा युक्तिवाद तुमच्या डीएमला पटण्यासारखा आहे, कारण तो त्याच्याच सोयीचा आहे. पार्टीच्याच लेव्हलवर, म्हणजे सहाव्या लेव्हलवर, या.

मृत्यूला किंमत हवी हे त्याचे म्हणणे मात्र मला मान्य आहे. ती किंमत तुमच्या हिट पॉइंटांतून वसूल करू नये, एवढेच. क्लेरिकचे पवित्र चिन्ह आता कोणाच्या गळ्यात आहे? तिने वाटेतल्या गावाला दिलेला शब्द आता कोण पाळणार? तिचे देऊळ तिच्याबद्दल विचारायला कोणाला पाठवील? अशा किमती सगळी पार्टी चुकवते आणि त्यातून पुढची सेशन तयार होतात. तिच्या जादुई वस्तूंचाही हिशेब इथेच लागतो. जुन्या पात्राच्या वस्तू उरलेल्यांनी वाटून घेतल्या आणि नवे पात्र स्वतःच्या नव्या वस्तू घेऊन आले, की प्रत्येक मृत्यूमागे पार्टी श्रीमंत होते आणि काही दिवसांनी कोणीतरी तसे विनोदाने बोलूनही दाखवते. २०१४ च्या डीएम-मार्गदर्शक पुस्तकात पाचव्या ते दहाव्या लेव्हलला सुरू होणाऱ्या पात्रासाठी नेहमीच्या सामानाखेरीज ५०० सुवर्णमुद्रा अधिक दहा बाजूंच्या फाशाच्या पंचवीस पट, म्हणजे ५२५ ते ७५०, असा हिशेब दिला आहे. तेवढेच घ्या. क्लेरिकच्या वस्तू तळघरात तिच्याबरोबर राहू द्या. परत आणायच्या असतील तर पार्टीने उतरून आणाव्यात.

प्रवेश कसा करायचा, यावर खेळाडू फार वेळ घालवतात. माझे मत असे की प्रवेश थोडा कच्चा असला तरी चालेल, पण तो पुढच्या सेशनच्या पहिल्या अर्ध्या तासात झालाच पाहिजे. पुढच्या कोठडीत बांधून ठेवलेला कैदी ही युक्ती शेकडो टेबलांवर वापरून गुळगुळीत झाली आहे, आणि तरीही ती तिसऱ्या तासाला होणाऱ्या सुंदर प्रवेशापेक्षा बरी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मोहिमेत आधीच भेटलेल्या एखाद्या व्यक्तीला पुढे आणणे. तुम्हाला त्या तळघराचा नकाशा कोणी तरी विकला असेलच. ती विक्रेती वॉरलॉक निघाली तर? तिने तोच नकाशा आणखी कोणाला विकला होता, तिला त्या तळघरातून स्वतःसाठी काय हवे होते, आणि आपल्या नकाशामुळे एक बाई मेली हे कळल्यावर ती दारापाशी का आली, असे तीन प्रश्न एकदम उभे राहतात आणि पार्टीला तिची ओळख नव्याने करून घ्यावी लागत नाही. अर्थात ती व्यक्ती डीएमची आहे, तेव्हा त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका; त्याने तिच्याबद्दल पुढचे काही योजून ठेवलेले असू शकते.

पूर्वकथा आटोपशीर असावी. ती इथे का आहे, पार्टीतल्या कोणा एकाला कशी ओळखते आणि तिला पार्टीकडून काय हवे आहे, एवढे पहिल्या सेशनला पुरते. एका मित्राला आधीच फोन करून ‘तुझी आणि हिची जुनी ओळख असू दे’ असे सांगा. फायटर खेळणारा त्याला योग्य वाटतो, कारण रोगशी तिचा संबंध सध्या नसलेलाच बरा. बाकीच्यांना आडून सुचवा की नव्या पात्राची उलटतपासणी घेऊ नये. ‘ही कोण, हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा’ हा संवाद तासभर चालला, तर त्यात आपले पात्र खूप सावध आहे असे समाधान चौघांना मिळते आणि पाचवी व्यक्ती आपल्याच मित्रांच्या घरात बसण्याची परवानगी मागत राहते.

ऑनलाइन टेबलाची काही कामे वेगळी असतात. नवी शीट डीएमला सेशनच्या चार-पाच दिवस आधी द्या, म्हणजे टोकन (नकाशावरची सोंगटी), त्याला नकाशावर किती दिसते ते आणि फाशांची बटणे तो तपासून ठेवील. जुनी शीट डिलीट करू नका, अर्काइव्हमध्ये टाका. तिच्यातल्या नोंदी पुढे लागतील. सर्व्हरवरचे स्वतःचे नाव आणि चित्र त्याच दिवशी बदला, कारण चेहरे दिसत नसलेल्या कॉलवर मित्र तुम्हाला सवयीने क्लेरिकच्या नावाने हाक मारत राहतील. सेशनच्या सुरुवातीला क्लेरिकसाठी दहा-पंधरा मिनिटे मागून घ्या. प्रत्येक पात्राने तिच्याबद्दल एकेक वाक्य बोलावे. त्या वेळी तुम्ही काही बोलायची गरज नाही.

रोग खेळणाऱ्या मित्राशी मात्र तुम्हालाच बोलावे लागेल, आणि तेही गटाच्या कॉलवर न बोलता, एकट्याशी, फोनवर. ‘तुझ्या पात्राने जे केले ते खेळाच्या दृष्टीने चालले, पण नंतरचे विनोद मला लागले,’ इतके पुरेसे आहे. तो विनोद का करतो याचा माझा अंदाज असा की त्याला अपराधी वाटते आहे आणि ते कसे दाखवावे हे कळत नाही. त्याला ते दाखवायची जागा द्या: त्या बाटलीचे आणि पिशवीचे ओझे त्याच्या रोगने वागवावे, असे त्याला सुचवा. चांगला खेळाडू असेल तर त्याला आयतेच कथानक मिळेल. नव्या वॉरलॉकने मात्र रोगचा सूड घ्यायचा मोह टाळावा. तळघरात काय घडले हे तिला माहीत नाही; ते तुम्हाला माहीत आहे. तुमचा राग तिच्या तोंडून बाहेर पडू लागला तर टेबलावरच्या प्रत्येकाला तो कोणाचा आहे हे लगेच कळेल, आणि मग तो खेळात मिटणार नाही.

राहिली वऱ्हाडीची फर्माईश. मित्रांना ती बोली हवी आहे, कारण ‘काऊन रे पोट्ट्या’ ऐकले की त्यांना ती क्लेरिक आठवते. आणि नेमके म्हणूनच ती नव्या पात्राला देऊ नका. वॉरलॉकला वेगळी ढब द्या. ती कमी बोलणारी असू शकते, सगळ्यांना ‘अहो-जाहो’ करणारी असू शकते, किंवा प्रत्येक गोष्टीचा भाव विचारणारी विक्रेतीही असू शकते. सेशनच्या आदल्या दिवशी पाच वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या दोन-तीन वेळा मध्येच वऱ्हाडी आलीच तर थांबून माफी मागू नका, तसेच पुढे बोला. नवी ढब तोंडात बसायला तेवढा वेळ लागतोच.